फुलहॅम ते केडगाव : पंडिता रमाबाईंच्या धर्मांतराचा पुनर्विचार

पंडिता रमाबाई सरस्वती (१८५८–१९२२) ह्यांच्या धर्मांतरासंबंधी महाराष्ट्रात जे लेखन झाले आहे त्यात २९ सप्टेंबर १८८३ हा दिवस मध्यवर्ती मानला गेला आहे. ह्या दिवशी इंग्लंडमधील वाँटेज येथे रमाबाईंनी आपली अडीच वर्षांची कन्या मनोरमा हिच्यासह ख्रिस्ती धर्माचा बाप्तिस्मा घेतला. हिंदू समाजातील टीकाकारांनी ह्या दिवसापासून बाई समाजाला दुरावल्या असे मानले. मिशनरी चरित्रकारांनी ह्याच दिवसापासून त्यांचा नवा जन्म झाला असे सांगितले. निष्कर्ष परस्परविरुद्ध असले तरी दोघांचे गृहीतकृत्य एकच आहे. माणसाचा धर्म एका विधीने पालटतो व पुढील आयुष्य हा त्या विधीचा परिणाम असतो, असे उभयपक्षी मानले गेले. खुद्द रमाबाईंचे म्हणणे मात्र तसे नाही. १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी आत्मनिवेदनात त्यांनी बाप्तिस्म्याचा दिवस आणि खऱ्या श्रद्धेचा दिवस ह्यांमध्ये सुमारे आठ वर्षांचे अंतर असल्याचे स्पष्टपणे नोंदविले आहे. त्यांचे प्रत्यक्ष कार्य तपासले असता ह्या दोन टप्प्यांनंतर तिसराही एक टप्पा दिसतो, आणि तो १८९६–९७ च्या दुष्काळाचा. ह्या तीन टप्प्यांची गल्लत केल्यामुळे त्यांच्या श्रद्धेने नेमके काय पालटले हा प्रश्न बाजूला राहिला आहे.

ह्या प्रश्नाचा विचार करताना प्रारंभ बालपणापासूनच करावा लागतो. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे स्त्रियांना संस्कृत शिकविण्याच्या मताचे होते. पत्नी लक्ष्मीबाई ह्यांना त्यांनी स्वतः विद्या दिली व त्यापायी लोकांचा रोष पत्करला. पश्चिम घाटातील गंगामूळ येथील अरण्यात त्यांनी आश्रम वसविला, आणि तेथेच २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. पुढे द्रव्य संपले, आणि हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थाटन करू लागले. जवळ जे काही होते ते दानधर्मात, व्रतवैकल्यांत व अनुष्ठानांत गेले. १८७४ ते १८७७ ह्या काळातील दुर्भिक्ष्यात वडील, आई व थोरली बहीण एकामागून एक अन्नान्नदशेत निवर्तली. आईने शेवटच्या आजारात बाजरीची भाकर मागितली असता रमाबाई शेजारच्या एका ब्राह्मण स्त्रीच्या दारी गेल्या. परंतु तोंडून शब्दच फुटेना. आईच्या अंत्ययात्रेला खांदेकरी पुरेना, तेव्हा दोन ब्राह्मणांबरोबर भाऊ श्रीनिवास आणि चौथ्या रमाबाई स्वतः अशी तिरडी उचलली गेली. उंची कमी असल्याने बाईंनी ती डोक्यावर घेतली. हा तपशील त्यांनी स्वतःच दिला आहे, आणि तो येथे मुद्दाम उद्धृत केला आहे. पुढे मध्य प्रांतातील दुष्काळग्रस्तांकडे त्या गेल्या तेव्हा भुकेविषयी त्यांना कोणी काही सांगावे लागले नव्हते.

१८७८ मध्ये भाऊबहीण कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी रमाबाईंच्या संस्कृत वक्तृत्वाने चकित होऊन त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ ह्या पदव्या दिल्या. त्यानंतर घडलेली गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. पडद्यातील स्त्रियांना त्यांचे धर्मशास्त्रोक्त कर्तव्य समजावून सांगावे अशी विनंती त्यांना करण्यात आली. त्या निमित्ताने त्यांनी धर्मशास्त्राचे ग्रंथ बारकाईने वाचले. इतर बाबतींत हे ग्रंथकार एकमेकांशी भांडतात, परंतु स्त्रिया व शूद्र ह्यांची योग्यता ठरविताना त्या सर्वांचे एकमत होते, असे त्यांना आढळून आले. पतीवाचून स्त्रीला मोक्षाचा स्वतंत्र मार्ग नाही, हे वाचून ज्या व्याख्यानासाठी त्या ग्रंथांकडे गेल्या होत्या त्या व्याख्यानाचा पायाच ढासळला. ब्राह्म समाजातील मंडळींशी त्यांचा परिचय ह्याच काळातला. केशवचंद्र सेन ह्यांनी त्यांना वेदाची प्रत भेट दिली. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी ह्या शूद्र गणल्या गेलेल्या जातीतील वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. आसामातील सिल्चर येथे पतीच्या ग्रंथसंग्रहात लूकच्या शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत त्यांच्या हाती पडली, आणि तेथील एका बॅप्टिस्ट मिशनऱ्याने त्यांना उत्पत्तीचा पहिला अध्याय समजावून दिला. पतीला हे रुचले नाही. फेब्रुवारी १८८२ मध्ये पतीचेही पटकीने निधन झाले, आणि त्या तान्ह्या मुलीला घेऊन महाराष्ट्रात आल्या.

पुण्यातील वर्षभराचा वृत्तांत सर्वपरिचित आहे. आर्य महिला समाजाची स्थापना, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक आणि शिक्षण आयोगापुढील साक्ष ही त्या वर्षातील कामे होत. ह्या अवधीत फादर नीलकंठशास्त्री नेहेम्या गोरे ह्यांच्याशी त्यांचा संबंध आला. गोरे हे काशीचे चित्पावन पंडित. १८४८ मध्ये ते ख्रिस्ती झाले होते. ख्रिस्ती मत बुद्धीला पटण्याचे श्रेय रमाबाईंनी मुख्यतः गोऱ्यांना दिले आहे. एका संस्कृत पंडितेला ख्रिस्ती सिद्धान्त पटवून देण्यास दुसऱ्या संस्कृत पंडिताची गरज पडावी, ह्यात अस्वाभाविक काहीच नाही.

परंतु बुद्धीचे पटणे वेगळे आणि मनाचे वळणे वेगळे. १८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणाच्या हेतूने त्या इंग्लंडला गेल्या. श्रवणदोषामुळे तो बेत पुढे सोडून द्यावा लागला. वाँटेज येथील सेंट मेरीच्या भगिनींच्या मठात त्यांचा मुक्काम होता. तेथील भगिनींनी त्यांना काही काळ लंडनजवळील फुलहॅम येथे नेले. मठाच्या भगिनी तेथे पतित समजल्या गेलेल्या स्त्रियांसाठी एक आश्रयगृह चालवीत असत. रमाबाईंनी तेथे पाहिलेल्या स्त्रिया समाजाने टाकलेल्या होत्या. त्यांतील काही इतक्या पालटल्या होत्या की, त्या आता आजाऱ्यांची व इतर पतित स्त्रियांची सेवा करीत होत्या. हिंदू धर्मशास्त्रात अशा स्त्रीला कठोर दंड सांगितलेला त्यांनी वाचला होता; तिला जवळ घेऊन तिच्यावर ममता करावी असे सांगणारे वचन त्यांच्या वाचनात आले नव्हते. ह्या भगिनी हे का करतात असे त्यांनी विचारले. तेव्हा एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातील विहिरीकाठच्या शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली. ह्या कथेनंतर ख्रिस्त हाच भारतातील दलित स्त्रियांना वर काढू शकेल अशी आपली खात्री झाली, असे रमाबाई सांगतात.

रमाबाईंच्या धर्मांतराचे मूळ त्यांच्या स्वतःच्या शब्दांत शोधावयाचे तर ते फुलहॅमच्या ह्या घरात सापडते. त्यांना प्रथम भावले ते एक कृत्य. सिद्धान्त त्याच्या मागून आला. ह्या एका गोष्टीचा नीट विचार केला तर पुढील बऱ्याच कूट वाटणाऱ्या बाबींचा उलगडा होतो.

बाप्तिस्म्याच्या आधीचे आठवडे अत्यंत क्लेशकारक होते. पुण्याहून त्यांच्याबरोबर आलेल्या आनंदीबाई भगत ह्यांनी वाँटेज येथे आत्महत्या केली. परक्या देशात, धर्मांतराच्या भीतीच्या छायेत घडलेली ही घटना इकडील पत्रकारांनी व तिकडील हितचिंतकांनी आपापल्या सोयीने वापरली. ह्या घटनेचा रमाबाईंच्या निर्णयावर काय परिणाम झाला ह्याविषयी पुष्कळ तर्क लढविले गेले आहेत. बाईंनी स्वतः त्याविषयी जे मौन पाळले त्याचा मान राखणेच इष्ट.

बाप्तिस्म्यानंतरची तीन वर्षे त्या आज्ञाधारक नवख्रिस्ती स्त्री म्हणून राहिल्या असत्या तर मिशनऱ्यांना ते आवडले असते. प्रत्यक्षात त्यांनी मठातील भगिनी जेराल्डीन, चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयाच्या प्राचार्या डोरोथिया बील आणि चर्चचे वरिष्ठ अधिकारी ह्यांच्याशी सतत वाद घातला. त्रैक्याचा सिद्धान्त, अथनेशियसचा मतांगीकार, ख्रिस्ताचे ईश्वरत्व ह्यांपैकी काहीही त्यांनी विचाराशिवाय स्वीकारले नाही. त्या पुरुष विद्यार्थ्यांना शिकवीत आहेत हे समजल्यावर बिशपांनी हरकत घेतली. त्यांनी ती मानली नाही. भारतातील पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटल्यावर तसेच दुसरे जोखड मानेवर घेण्याची आपली इच्छा नाही, अशा आशयाचे त्यांचे उत्तर प्रसिद्ध आहे. अंड्याचा अंश असलेला गोड पदार्थ त्यांनी नाकारला व त्या अखेरपर्यंत शाकाहारी राहिल्या. ह्याबद्दल भगिनी जेराल्डीनची तक्रार पत्रांत वाचावयास मिळते. गळ्यातील क्रूसावर लॅटिन अक्षरे असावीत असा प्रश्न निघाला तेव्हा त्यांनी संस्कृत अक्षरांचा आग्रह धरला. संस्कृत पवित्र आहे म्हणून नव्हे, तर ती आपल्या मातृभूमीची प्राचीन आणि सुंदर भाषा आहे म्हणून, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. ही पत्रे महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृति मंडळाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केली. ती वाचल्यावर ‘धर्म बदलला म्हणजे राष्ट्र बदलले’ हे जुने समीकरण रमाबाईंच्या बाबतीत टिकत नाही. देवदत्त नारायण टिळक ह्यांनी १९६० साली लिहिलेल्या त्यांच्या मराठी चरित्राला ‘महाराष्ट्राची तेजस्विनी’ असे नाव दिले ते ह्या पत्रांच्या प्रकाशनापूर्वीच. पत्रांनी त्या नावाचे समर्थनच केले असे म्हणावयास हरकत नाही.

१८८६ ते १८८८ ह्या काळातील अमेरिकेतील प्रवासाचा विचार येथे संक्षेपाने करणे पुरे. आनंदीबाई जोशी ह्यांच्या पदवीदान समारंभास त्या फिलाडेल्फियास गेल्या, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी १८८७ मध्ये इंग्रजी ग्रंथ लिहिला, आणि बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन होऊन दहा वर्षांच्या साहाय्याचे वचन मिळाले. ह्या साहाय्याची एक अट मात्र लक्षात घेण्यासारखी आहे: निघणारी शाळा धर्मनिरपेक्ष असावी.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईस चौपाटीजवळ उघडलेले शारदा सदन ह्या अटीनुसारच चालले. जातिनियम पाळण्याची विधवांना मोकळीक होती. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या. पुढे १८९३ मध्ये त्यांचा पुनर्विवाह धोंडो केशव कर्वे ह्यांच्याशी झाला. त्यांच्या ‘माझे पुराण’ ह्या आत्मवृत्तात सदनातील जीवन आले आहे. १८९० च्या अखेरीस सदन पुण्यास आले. ह्या टप्प्यापर्यंत रमाबाईंचे कार्य आणि न्या. रानडे, डॉ. भांडारकर प्रभृती सुधारकांचे कार्य एकाच मार्गावरचे होते. उच्चवर्णीय विधवेला शिक्षण देऊन स्वावलंबी करावे हा तो मार्ग. ह्यात ख्रिस्ती धर्माचा असा वेगळा भाग कोणता, असे विचारल्यास उत्तर देणे कठीण जाते.

१८९१ च्या सुमारास दुसरा टप्पा येतो. इंग्रज धर्मोपदेशक विल्यम हॅस्लम ह्यांचे आत्मचरित्र रमाबाईंच्या वाचनात आले. हॅस्लम हे चर्च ऑफ इंग्लंडचे दीक्षित पाळक. स्वतःच्याच प्रवचनाच्या मध्यात त्यांना आपण आजवर खरे ख्रिस्ती नव्हतो असे जाणवले होते. ह्या पुस्तकाने रमाबाईंना आपल्या स्थितीचे भान दिले. ख्रिस्ती धर्म आपणास मिळाला, पण ख्रिस्त मिळाला नाही, असा भेद त्यांनी केला आहे. ह्या भेदाचा तत्त्वज्ञानदृष्ट्या अर्थ काहीही लावला तरी इतिहासाला त्याचा परिणाम तपासता येतो. ह्यापुढे सदनातील त्यांच्या खाजगी प्रार्थनेचे दार उघडे राहू लागले. कोणास यावयाचे असल्यास मज्जाव नव्हता आणि बोलावणेही नव्हते. काही मुली येऊन बसू लागल्या.

१८९३ चा वाद ह्यातूनच उद्भवला. ‘केसरी’ने सदनाविरुद्ध आघाडी उघडली. ऑगस्टमध्ये रानडे व भांडारकर ह्यांनी सल्लागार मंडळ सोडले आणि पालकांनी सुमारे पंचवीस मुली काढून नेल्या. ह्या वादात दोषाची वाटणी करण्याची परंपरा आहे, परंतु ती न्याय्य नाही. रमाबाईंनी कोणावर सक्ती केली नाही हे खरे. ज्या पालकांनी धर्मनिरपेक्षतेच्या भरवशावर मुली पाठविल्या होत्या त्यांचे भय निराधार नव्हते, हेही तितकेच खरे. ज्या स्त्रीचे संपूर्ण व्यक्तित्व तिच्या मुलींना प्रभावित करीत होते तिने आपली श्रद्धा बंद दारामागे ठेवावी, ही अपेक्षा व्यवहार्यच नव्हती. बोस्टनची अट कागदावर स्पष्ट होती. घरात ती पाळणे अशक्य होते. सुधारकांनी ह्यापासून योग्य तो बोध घेतला. १८९६ मध्ये कर्व्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला. हिंदू विधवांसाठी हिंदू पद्धतीने चालणारी ही संस्था एका अर्थी शारदा सदनाच्याच वादाचे फळ होय. महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षणाला एकाऐवजी दोन संस्था मिळाल्या, ही हानी मानावी की लाभ, हे पाहणाऱ्याच्या दृष्टीवर अवलंबून आहे.

तिसरा टप्पा सर्वांत निर्णायक आहे, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी झाली आहे. १८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. दुष्काळाची वार्ता येताच रमाबाईंना आपल्या मृत आईबापांची आठवण झाली, आणि त्या स्वतः तेथे गेल्या. सरकारी अन्नछत्रे व अनाथगृहे ह्यांची त्यांनी केलेली वर्णने अत्यंत धीट आहेत. उपासमारीने मेलेल्यांपेक्षाही त्यांचे लक्ष जिवंत राहिलेल्या तरुण मुलींकडे गेले. ह्या मुलींना कुंटणखान्यांत पळविणाऱ्या स्त्रीपुरुषांचे हस्तक छावण्यांतून वावरत होते, आणि अन्नछत्रांचे काही रखवालदारच त्यांच्यावर अत्याचार करीत होते. ही गोष्ट त्यांनी मोकळेपणाने लिहून छापली. त्या काळच्या सभ्य समाजात हा विषय स्त्रीने उच्चारणेही निषिद्ध होते. त्यांनी तेथून आणलेल्या मुलींची संख्या सुमारे तीनशेपर्यंत गेली.

ह्या मुली ब्राह्मण विधवा नव्हत्या. त्यांत अनेक जातींच्या, बहुतांश शेतकरी व मजूर घरांतील, निरक्षर आणि रोगग्रस्त मुली होत्या. कित्येकींवर अत्याचार झालेले होते. शारदा सदनाच्या योजनेत ह्यांना स्थान नव्हते. बोस्टनच्या पैशाचा हेतूही उच्चवर्णीय विधवांपुरताच मर्यादित होता. सुधारकांचा कार्यक्रमही ह्या स्त्रियांपर्यंत पोहोचत नव्हता. विधवाविवाह, संमतिवय, केशवपन हे त्या कार्यक्रमातील प्रश्न मुख्यतः उच्च जातींचे होते. भुकेने मरणाऱ्या गोंड वा कुणबी मुलीपुढे ह्यांपैकी कोणताच प्रश्न त्या रूपात उभा नव्हता. पुण्यात प्लेग सुरू झाल्याने एवढ्या मुली शहरात ठेवण्यास मनाई झाली. तेव्हा सोलापूरच्या लोहमार्गावरील केडगाव येथे, सदनाच्या उत्पन्नासाठी फळबाग लावण्याकरिता पूर्वी घेतलेल्या जमिनीवर, त्यांना हलविण्यात आले. प्रथम झोपड्या व तंबू, मग भिंती आणि त्यानंतर वसतिगृहे ह्या क्रमाने मुक्ती सदन उभे राहिले.

ह्याच सुमाराची आणखी एक घटना बाईंच्या श्रद्धेचे स्वरूप दाखविते. १८९७ मध्ये पुण्यातील प्लेगच्या रुग्णालयात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीविषयी त्यांनी ‘बाँबे गार्डियन’ ह्या पत्राकडे तक्रार पाठविली. सरकारने आरोप नाकारले, पण बाई मागे हटल्या नाहीत. राज्यकर्त्यांचा धर्म स्वीकारलेल्या स्त्रीने राज्यकर्त्यांच्या कारभारावर असा उघड आरोप करावा, हे तिला ‘मिशनऱ्यांचे हत्यार’ समजणाऱ्या टीकाकारांच्या हिशेबात बसत नव्हते.

१९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर मुक्तीतील वस्ती सुमारे दोन हजारांपर्यंत पोहोचली. एवढ्या वस्तीला रोजचे धान्य, पाणी, कपडा व औषध पुरविणे हेच एक मोठे शासन होते. मुली शेतकाम, विणकाम, तेलाची घाणी, दुग्धव्यवसाय आणि छपाई ही कामे शिकल्या. निवडक मुलींना शिक्षिकेचे शिक्षण मिळाले. अंध स्त्रियांसाठी वेगळा विभाग निघाला आणि तेथे ब्रेल लिपी शिकविली जाऊ लागली. मनोरमाबाईंनी परदेशात ती विद्या संपादन केली होती. आणखी एक विभाग निघाला, त्याचे नाव कृपा सदन. वेश्याव्यवसायात ढकलल्या गेलेल्या अथवा फसविल्या गेलेल्या स्त्रियांसाठी ते होते. १८८३ मध्ये रमाबाईंनी फुलहॅम येथे जे घर पाहिले होते त्याचेच हे मराठी मुलखातील रूप होय. पाहणे आणि बांधणे ह्यांमध्ये सुमारे सोळा वर्षे गेली. ह्या सोळा वर्षांत त्यांनी पुस्तके लिहिली, दोन खंडांत भाषणे केली, एक नावाजलेली संस्था काढली आणि ती मोडकळीस येताना पाहिली. ज्या एका कृत्यापासून त्यांची श्रद्धा निघाली ते कृत्य त्यांच्या हातून घडले ते ह्या सर्वानंतर.

येथे एक आक्षेप उपस्थित होतो, व तो टाळणे योग्य नव्हे. रमाबाईंचे धर्मांतर वादविवाद करून, ग्रंथ वाचून आणि स्वतःच्या मनाशी झगडून झालेले होते. मुक्तीतील मुलींची गोष्ट निराळी होती. ज्या हातांनी अन्न दिले त्या हातांचा धर्म उपाशी मुलीने स्वीकारला, तर त्या स्वीकाराचे मोल किती? रमाबाईंच्या भक्तांनी हा प्रश्न टाळला आहे, आणि टीकाकारांनी त्याचे उत्तर आधीच ठरवून ठेवले आहे. ह्या स्त्रियांची स्वतःची साक्ष बहुतांश मुक्तीच्याच प्रकाशनांतून आपल्यापर्यंत येते, त्यामुळे तिचा उपयोग जपूनच केला पाहिजे. तथापि दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. एक, ह्या मुलींना पर्याय होता तो हिंदू धर्म आणि ख्रिस्ती धर्म ह्यांमधील नव्हता. तो बहुतेकींच्या बाबतीत मृत्यू, कुंटणखाना आणि केडगाव ह्यांमधील होता. दुसरी, श्रद्धेच्या अंतरंगात शिरणे इतिहासकाराच्या हाती नसले तरी तिचे बाह्य परिणाम त्याला मोजता येतात. अक्षरओळख नसलेली मुलगी वाचू लागली, टाकलेली स्त्री दुसऱ्या टाकलेल्या स्त्रीची शुश्रूषा करू लागली, आणि निरनिराळ्या जातींच्या मुली एका पंक्तीत जेवू लागल्या. शारदा सदनात जातिनियम पाळण्याची सोय होती, मुक्तीत ती राहिली नाही. ज्या सुधारणेचा उपदेश सभांमधून होत होता ती येथे गाजावाजा न होता रोजच्या जेवणात आली.

१९०५ च्या जून महिन्यात केडगावी जे धार्मिक पुनरुज्जीवन झाले त्यावर पाश्चात्त्य लेखकांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. त्याच्या आधी वेल्समध्ये अशीच जागृती झाल्याची वार्ता आली होती आणि मुक्तीत प्रार्थनामंडळे भरू लागली होती. अमेरिकन सहकारी मिनी एब्रम्स ह्यांनी ह्या घटनांचा बराच प्रसार केला. शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करीत, रडत, पापांची कबुली देत. काही मिशनऱ्यांना हा प्रकार असंस्कृत वाटला. रमाबाईंनी त्यास प्रतिबंध केला नाही. भारतीय ख्रिस्ती माणसाने आपल्या भावना आपल्या रीतीने व्यक्त कराव्यात अशी त्यांची भूमिका होती. लंडनच्या प्रार्थनामंदिरातील शिस्तीपेक्षा पंढरीच्या वाळवंटातील कल्लोळ मराठी माणसाला जवळचा आहे, हे येथे आठवण्यास हरकत नाही.

त्यांच्या आयुष्यातील शेवटचे मोठे काम म्हणजे बायबलचे मराठी भाषांतर. मराठीत बायबल नव्हते असे नाही. श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांपासून मुंबईच्या बायबल सोसायटीपर्यंत अनेकांनी ते काम केले होते. परंतु रूढ भाषांतराची भाषा खेड्यातील बाईला कळत नाही, आणि त्यातील कित्येक शब्द हिंदू तत्त्वज्ञानाचे अर्थ बरोबर घेऊन येतात, असे त्यांचे मत झाले होते. त्यासाठी उतारवयात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक ह्या मूळ भाषांचा अभ्यास केला, आणि अनेक वर्षे ह्या कामात घालविली. वाङ्मयदृष्ट्या हे भाषांतर सर्वत्र सरस उतरले आहे असे म्हणता येत नाही. मुळाशी शब्दशः निष्ठा राखण्याच्या आग्रहामुळे कित्येक वाक्ये कोरडी व ओबडधोबड झाली आहेत. त्याचे महत्त्व निराळ्या ठिकाणी आहे. कलकत्त्याच्या पंडितसभेत संस्कृत वाणीमुळे ‘सरस्वती’ ठरलेल्या, इंग्लंडमध्ये क्रूसावरही संस्कृतच हवे म्हणून हटून बसलेल्या ह्या स्त्रीने अखेरीस संस्कृताचा भार मराठीवरून जाणूनबुजून उतरविला. तिच्यापुढे आता पंडित नव्हते. दुष्काळातून आलेल्या, पहिल्यांदाच अक्षरे लावणाऱ्या बाया होत्या. वाचक बदलला तशी भाषा बदलली. श्रद्धेने त्यांच्यात घडविलेला सर्वांत खोल पालट कदाचित हाच असावा, कारण जन्मापासून जिच्यावर त्यांचे पोषण झाले होते ती एकच गोष्ट त्यांनी शेवटी सोडली.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाईंचे निधन झाले. मुक्तीच्या भावी धुरीण म्हणून ज्यांच्याकडे पाहिले जात होते त्या आईच्या आधी गेल्या. भाषांतराचे काम हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही निवर्तल्या. संपूर्ण बायबल १९२४ साली केडगावच्या मुक्ती छापखान्यातून प्रसिद्ध झाले. त्याचे खिळे जुळविणे, छपाई आणि बांधणी ही सर्व कामे मुक्तीतील स्त्रियांनीच केली.